येते हं

४ मार्च, मंगळवार

आणला! राखाडी तोंडाचा म्हातारा, मागचे पाय लटपटते. बेवारस कुत्र्यांच्या संस्थेतल्या बाईंनी घाईघाईत गाडीतून उतरवला, गादी माझ्या काखेत दिली – गाडीत अजून दोघं भुंकत होते, त्यांना पुढे पोचवायचं होतं. म्हणाल्या, "फार दिवस नाहीत याचे. एवढंच बघा, एकटा जाऊ देऊ नका." मी हो म्हणून बसले. मी कसली कुणाजवळ बसणार? मला घरात एका जागी बूड टेकवत नाही!

नाव कुणालाच माहीत नाही. मी आजोबा म्हणतेय. मग अहोजाहो आपसूकच आलं.

५ मार्च

दादा खालच्या मजल्यावरून वर आला. आधी आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझ्या पायाला भिंगरी, यांच्या पायात जीव नाही. जोडी झकास जमलीय." कधीची बेल वाजवत होता म्हणे. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. आणि आजोबा दारापाशीच पडलेले, पण ढिम्म! राखणीच्या नावाने आनंदच आहे.

७ मार्च

दुकानात लक्ष नाही. एका गिऱ्हाईकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. मालक म्हणाले, "आधी स्वतःचा नंबर तपासून घ्या!"

मी निघाले की आजोबा गादीवरून उठतात. रोज! फरशीवर पाय फाकतात आणि धाडकन पडतात. मला तसंच उचलून ठेवून पळावं लागतं, दुपारी दादा बघून जातो. डॉक्टर घरी येऊन कंबर चाचपून गेले. "याला उठू देऊ नका. असा आणखी एकदा पडला तर मला शेवटची सुईच द्यावी लागेल." उठू देऊ नका! बांधून ठेवू का?

९ मार्च, रविवार

सापडलं!!

सकाळभर त्यांच्यापुढे बसून सगळे शब्द करून बघितले. बस – नाही. खा – नाही. मग हात पुढे करून म्हटलं, "ये." आणि स्वारी उठायला लागली! घाईघाईने कवेत घेतलं त्यांना. आणि तेव्हाच डोक्यात लख्ख झालं. रोज निघताना दारात वळून मी काय म्हणते? "येते हं!" जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं – आईने जिभेला लावलेलं वळण. आजोबांच्या कानाला त्यातला "ये" तेवढा लागतो. म्हणजे मी बोलावतेय, आणि ते उठेपर्यंत कुलूप लावून चालती होतेय! फार वाईट वाटलं. रडलेच थोडी.

दादा म्हणाला, "मग जाते म्हण. हाय काय नि नाय काय!"

१० मार्च

नाही म्हणवलं. दारात तोंड उघडलं, शब्दच फुटेना. आजारी जीवाच्या तोंडावर "जाते"? शेवटी पाठ केली, जिन्याकडे बघत पुटपुटले – जाते – आणि पळत सुटले.

उठले नाहीत! दादा दुपारी बघून आला. गादीवरच होते, जागे.

१३ मार्च

रोज तसंच. पाठ फिरवायची, जाते म्हणायचं, सटकायचं. आजोबा एकदाही पडले नाहीत. युक्ती फळली म्हणून खूश व्हायला हवं. पण मलाच चैन नाही. स्वतःच्या घरातून चोरासारखी निघते. आज अर्ध्या रस्त्यातून परत यावंसं वाटलं. आले नाही. उशीर झाला होता.

१५ मार्च

खात नाहीत. पाण्यालाही तोंड लावत नाहीत. मालकांना फोन केला, आजोबांचं काही खरं नाही, रजा हवी. "अरे, जा जा, त्यांच्याजवळ थांबा," म्हणाले. खोटं थोडंच बोलले?

दिवसभर त्यांच्याजवळ बसले. मी! एका जागी!

१७ मार्च

डॉक्टर येऊन गेले. उद्या.

१८ मार्च

डॉक्टर सुई भरत होते. म्हणाले, "काही बोलायचं असेल तर बोला." मी पाठच करून ठेवलं होतं – जा आता, आजोबा. समोर बसले. त्यांच्या डोळ्यांत बघितलं. आणि निघालं काय? "येते हं."

जीभ चावली मी! पण आजोबांनी पुढचे पाय टेकले. दोन दिवस मान न उचललेला जीव – खुरडत खुरडत आला आणि हनुवटी माझ्या मांडीवर ठेवली. डॉक्टर थांबले. मग मी मान हलवली.

एकटे नाही गेले. एवढं तरी जमलं मला.

२० मार्च

संस्थेच्या बाई गादी न्यायला आल्या. त्यांना येते-जातेची सगळी कथा सांगितली, अगदी रंगवून. त्यांनी गादी गुंडाळून काखेत घेतली. मग म्हणाल्या, "अहो, शब्द कुठला? ठार बहिरा होता तो. त्या दिवशी गडबडीत सांगायचं राहिलं का माझ्याकडून?"

म्हणजे मी वळून बघायचे, म्हणून उठायचे ते. आणि मी रोज पाठ फिरवून गेले.