नातवाविषयीचे यापूर्वीचे सर्व अर्ज न आल्याचे समजण्याबाबत

प्रति,
मा. समन्वय अधिकारी,
सवंगडी मंच (अल्पवयीन मुलांसाठी समवयस्क मुलांचे न्यायपीठ),
जिल्हा भंडारा.

विषय: नातवाच्या नावाबाबत अर्जदाराने ठिकठिकाणी केलेले अर्ज मागे घेण्याबाबत व ते कधी आलेच नाहीत असे समजण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे पूर्वीचे अर्ज (मुद्दाम जोडलेले नाहीत). २) सवंगडी मंचाने अर्जदारास सुनावलेली तोंडी शिक्षा.

महोदय,

१. अर्जदार मौजे सानगडी, तालुका साकोली येथील रहिवासी असून एका सरकारी कार्यालयातून आवक-जावक लिपिक म्हणून सेवानिवृत्त झालेला आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारणे व त्याची नोंद घेणे हेच काम जन्मभर केल्यामुळे, कागदाशिवाय घडलेल्या गोष्टीवर अर्जदाराचा विश्वास बसत नाही. पुढील हकीकत वाचताना एवढे ध्यानात ठेवावे, म्हणजे राग थोडा कमी येईल.

२. गावच्या मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दिवशी घरोघरी पाहुणे आले होते व रात्री नाटक होते. पाहुण्यांना मासोळी खाऊ घालावी म्हणून अर्जदाराचा नातू (नाव या अर्जात मुद्दाम लिहिलेले नाही, आधीच्या अर्जांत ते ठळक अक्षरांत आहे) व त्याचे मित्र यांनी गावतलावाचे दार उघडले. पाटात उतरलेली मासोळी गावाने, पाहुण्यांनी, धोतरांनी व मच्छरदाण्यांनी धरली. तलाव मच्छीमार संस्थेकडे आहे, आणि ती मासोळी निर्मलाबाईंसारख्या सभासदांनी वर्षभर राखून वाढवलेली आहे, हे रस्सा उकळेपर्यंत कोणास आठवले नाही. अर्जदारानेही सदर पुराव्यावर दोनदा भात घेतला.

३. मुलांना ठाण्यात नेण्यात आले. नातू पोलीस भरतीची तयारी करीत असून पहाटे साकोलीच्या रस्त्यावर धावतो. ज्या खात्यात जायचे त्याच खात्याच्या कागदावर नाव चढणार, म्हणून त्याची आई देवकाबाई ठाण्याच्या पायरीवरून उठेना. परंतु जमादारांनी सांगितले की वय लहान आहे, चूक पहिली आहे, नाव लिहीत नाही, मंचाकडे पाठवतो. येथेच अर्जदारास पहिला संशय आला. लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस आपण होऊन पेन खिशाला लावतो, असे अर्जदाराने संपूर्ण नोकरीत पाहिले नव्हते.

४. मंच शाळेच्या व्हरांड्यात बसला. पंच म्हणजे सगळी दहावी-बारावीची पोरे. अध्यक्षस्थानी एकोडीची गुड्डी, जिच्या वडिलांच्या चक्कीवर अर्जदाराचे गहू दळले जातात. वकील नाही, फी नाही, शिक्का तर नाहीच. सर्वांसाठी चहा सांगू का, असे अर्जदाराने विचारले असता गुड्डीने त्यास बसायला सांगितले. यामुळे संशय बळावला. निर्मलाबाईंना आधी बोलू दिले. त्यांचे ऐकून नातू रडला. तो शिकवून रडवला असावा असे तेव्हा वाटले. शिक्षा अशी झाली की, त्याने संस्थेची फाटकी जाळी विणून द्यावी, मासोळी काढताना सोबत पाण्यात उतरावे आणि हे सर्व झाल्यावर स्वतः पंच म्हणून बसावे. तलाव रिकामा करणाऱ्यासच न्यायाला बसवणारी ही पद्धत कोणत्या परिपत्रकान्वये आहे, हे अर्जदारास अजूनही कळलेले नाही.

५. नातवाने शिक्षा पूर्ण केली. निर्मलाबाई त्यास आपल्यातली भाकर देऊ लागल्या. तो घरी स्वतःचे ताट स्वतः घासू लागला. ही लक्षणे अर्जदारास ठीक वाटली नाहीत. मंचाकडे चौकशी केली असता नाव कुठेही लिहिलेले नाही, असे कळवण्यात आले. नाव लिहिलेले नाही हे कुठे लिहिले आहे, असे विचारल्यावर तेही कुठे लिहिलेले नाही, असे कळवण्यात आले.

६. सबब अर्जदाराने ठाणे, तहसील, ग्रामपंचायत, शाळा आणि भंडाऱ्याची जी जी कार्यालये आठवली त्या सर्वांकडे अर्ज केले की, सदर नावाच्या, सोबतच्या फोटोतील मुलाने मंडईच्या दिवशी तलावाचे दार उघडल्याची नोंद आपल्याकडे नसल्याचा दाखला मिळावा. प्रत्येक अर्जाची प्रत बाकी सर्वांना माहितीस्तव दिली. जिथे काहीच नोंद नव्हती तिथे आवक क्रमांक पडला, शिक्का बसला, आणि अर्जदार समाधानाने घरी आला. पुढे एक अर्ज ग्रामसभेत भोंग्यावर वाचून दाखवण्यात आला. ज्यांना मुलाचे नाव ठाऊक नव्हते त्यांना ते वडिलांच्या नावासह कळले. पहाटे रस्त्यावर लोक विचारू लागले, "काहून बे, तलावाचं दार लावलं का?" नातवाने धावणे बंद केले. बूट खाटेखाली गेले.

७. एके दिवशी तो अर्जदारास म्हणाला, "आबाजी, पोलिसानं माहं नाव लिवलं नाही. तुमीच लिवून राहिले."

८. यानंतर निर्मलाबाईंनी परस्पर मंचाकडे जाऊन, पोरगं निपटलं, आता या बुढ्याचं पाहा, अशी तोंडी तक्रार केली. मंच अठरा वर्षांखालील व्यक्तींसाठीच आहे, अशी हरकत अर्जदाराने घेतली. गुड्डी म्हणाली, "वयाचं राहू द्या, आबाजी. तुमाले भेव कायचं वाटते, थे सांगा." असा प्रश्न अर्जदारास कोणत्याही कार्यालयाने कधी विचारला नव्हता. त्याने सांगितले की, माणसाने दिलेला शब्द त्याच्या बदलीबरोबर गावाबाहेर जातो व कागद मात्र तिथेच राहतो, एवढेच आपण आयुष्यात पाहिले. जमादार उद्या बदलून गेले तर पोराच्या बाजूने बोलणारे कोण? पंचांपैकी कोणी हसले नाही. पंचांत नातूही बसला होता. त्याने अर्जदाराच्या बाजूने मत दिले असावे, असा संशय आहे.

९. शिक्षा खालीलप्रमाणे झाली. अर्जदाराने प्रत्येक कार्यालयात स्वतः जाऊन अर्ज परत मागावेत. हा अर्ज स्वहस्ते, नातवाचे नाव न घालता लिहावा व पंचांपुढे वाचावा. आणि नातू पहाटे धावेल तेव्हा सायकलवर त्याच्या मागे राहून, कोणी टोमणा मारल्यास उत्तर अर्जदाराने द्यावे.

१०. पैकी शेवटच्या कलमाची अंमलबजावणी सुरू आहे. पहिल्याच पहाटे दूधवाल्या सुखरामने दाराबाबत विचारणा केली. अर्जदाराने सायकल न थांबवता सांगितले, "म्याच उघडलं होतं, म्याच लावलं." नातू पुढे होता. त्याने मागे वळून पाहिले नाही, पण त्याचा वेग वाढला, व अर्जदारास त्याला गाठणे जड गेले.

११. तरी विनंती की, पूर्वीचे सर्व अर्ज न आल्याचे समजावे. हा अर्ज पंचांपुढे वाचून झाल्यावर फाडून टाकावा. त्यावर शिक्का मारू नये, क्रमांक घालू नये, आणि अर्जदाराने आजवर कोणाकडे न केलेली विनंती अशी की, याची पोच देऊ नये.

शब्दावर भरवसा ठेवून पाहणारा,
आपला नम्र,
सदर मुलाचा आजोबा
(सही मुद्दाम वाचता न येईल अशी केली आहे)

सोबत: काही नाही.
प्रत माहितीस्तव: कोणासही नाही.