हिरवी रेषा

३ मार्च

सापडली! सरांनी टेकडीवरून आणलेली माती मी विजेच्या आर्कमध्ये जाळली, वर्णपट पाहायच्या यंत्राला डोळा लावला — आणि हिरवी रेषा. पारा! मातीत पारा!

सर म्हणाले, "छान. आकडे टेबलावर ठेवा." स्वतः डोळा लावला नाहीच. अकरा वर्षं झाली, त्या यंत्राला त्यांचा हात लागलेला नाही.

६ मार्च

शोधनिबंध तयार. टाईप मीच केला. लेखक — सर. फक्त सर! आभारात शिपायाचं नाव आहे, माझं तिथेही नाही. विचारलं, तर म्हणे, "अहो, तुम्ही घरच्याच." घरच्यांनीच उपाशी राहायचं, हा कुठला न्याय?

आई म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा गं तो!"

८ मार्च

पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवलं. ऊर्जा मिळाली की अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो. तिथे टिकत नाही. खाली उतरतो, आणि उतरताना तेवढी ऊर्जा प्रकाश म्हणून टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेले. थापा मारायची सोयच नाही.

एकीने विचारलं, "मॅडम, वर गेलेला वरच का नाही राहत?"

म्हटलं, अणूत नाही राहत. आपल्या विभागात राहतो. मुली खूप हसल्या. मला हसू आलं नाही.

११ मार्च

आर्क बंद होता, मातीही भरलेली नव्हती, सहज डोळा लावला — तरी हिरवी रेषा! मान वर केली. छतावरची ट्यूबलाइट चालू. तिच्यात पाराच असतो.

डोळा लावण्याआधी ट्यूब बंद करा, हे येईल त्याला मीच बजावते. आणि त्या दिवशी आकडे लिहायला दिसावं म्हणून मीच चालू ठेवली होती. आज अंधार करून ती माती पुन्हा जाळली. रेषा नाही. पारा नाही. काहीच नाही.

सरांना सांगावं? निबंध उद्या जातो.

१२ मार्च

नाही सांगितलं. जाऊ दे! नाव त्यांचं, तर नाचक्कीही त्यांचीच. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२९ एप्रिल

छापून आला. सरांनी अंक स्वतः आणून हातात दिला. "तुम्ही विचारलंत, ते मनाला लागलं हो. पाठवताना माझं नाव काढून टाकलं. काम तुमचंच होतं."

वर एकच नाव आहे. माझं.