मागे पाऊल न टाकणारी घोडी

आबा, मी गाडी घेतली. घोडीसाठी. जुनी आहे, लहान आहे, एकच घोडी मावेल एवढी. वर पत्र्याचा टप आणि मागे उघडणारा रॅम्प. तुम्ही असता तर एव्हाना उठून बाहेर गेला असतात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नसतात. पण तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता उठून जायची सोय नाही. तेव्हा ऐकून घ्या.

घोडं गाडी ओढतं, गाडीत बसत नाही, हे तुमचं वाक्य मी जन्मभर ऐकलं. मरोळच्या आपल्या तबेल्यातून वरात बोरिवलीची असो की मुलुंडची, घोडी चालत जायची आणि चालत यायची. पुढे लगाम धरून तुम्ही, मागे बादली घेऊन आपले मोतद्दार काका. पोचल्यावर तिचे खूर धुवायचे, झूल चढवायची, कपाळावर तुरा बांधायचा आणि मग नवरदेवाला बसवायचं. तुमची आणखी एक ख्याती होती. तुमची घोडी कधी मागे पाऊल टाकत नसे. नवरदेव पाठीवर असताना घोडी मागे सरली की मांडवातले म्हातारे अपशकुन म्हणून कुजबुजतात, म्हणून तुम्ही एकाही घोडीला मागे सरायला शिकवलंच नाहीत. अरुंद गल्लीत अडकलात तर बँडवाल्यांना भिंतीला चिकटवून उभं करायचात आणि घोडी जागच्या जागी गोल फिरवायचात. लोकांना आपलं आडनाव ठाऊक नसायचं, पण ती मागे न सरणारी घोडी पाठवा, असा निरोप घाटकोपरहून यायचा. ऐकताना तुमची मान ताठ व्हायची. माझीही व्हायची, खोटं कशाला बोलू.

गाडीचा राग मात्र कुठून आला, ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. मी पाचवीत होते. तुम्ही एकाच दिवशी दोन वराती घेतल्या होत्या, एक अंधेरीची आणि एक मुलुंडची. चालत दोन्हीकडे पोचणं होईना, म्हणून कुणाचा तरी विटांचा ट्रक मागून आणलात, फळ्यांवर पेंढा पसरलात आणि आपली सगळ्यांत जुनी घोडी, थोरली, तिला चढवलंत. पवईच्या चढावर फळी मोडली आणि तिचा मागचा पाय आरपार खाली गेला. थोरली घरी आली नाही. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, घोडी बिथरली, गाडीत घोडं बिथरतंच. दुसऱ्या दिवशी ट्रक अंगणात उभा होता. मी त्याच्या खाली शिरले. मोडलेली फळी काळी, ओलसर होती आणि बोट लावलं तर चहात बुडवलेल्या पावासारखी सुटत होती. मी त्यातला एक तुकडा घेऊन आत आले. आई बंब पेटवत होती, तुम्ही मोरीपाशी बसला होतात. मी म्हणाले, "आबा, फळी कुजलेली होती." तुम्ही माझ्या हातातला तुकडा घेतलात आणि बंबात टाकलात. मोठ्यांच्या कामात नाक खुपसायचं नाही, एवढंच बोललात. त्या दिवशी बंबातलं पाणी मी अंगावर घेतलं नाही.

फळी कुजलेली होती, आबा. तेव्हाही म्हणाले, आजही म्हणते. थोरलीला गाडीनं मारलं नाही. पेंढा पसरायच्या आधी कुणी वाकून बघितलं नाही, त्यानं मारलं. आणि त्याची शिक्षा तुम्ही पुढच्या सगळ्या घोड्यांना दिलीत, डांबरावरून चालवून चालवून.

आता तबेल्यात पांढरी एकटीच आहे, तुम्ही शिकवलेली शेवटची. तुम्ही होतात तेव्हाचा रस्ता आता राहिलेला नाही. घाटकोपरच्या लिंक रोडवर डोक्यावर मेट्रो, मधे खांब, आणि दोन खांबांच्या फटीत बस, रिक्षा आणि आपण. यंदा एका बसनं तिला घासलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर हातभर लांब लाल रेघ उमटली. ती हलली नाही, तुमचीच ना, पण मी तिला घरी येईपर्यंत फुटपाथवरूनच चालवलं. आई म्हणाली, विकून टाक आता. कुणाला विकणार होते मी या वयाची घोडी, आणि घेणाऱ्यानं तिचं काय केलं असतं, ते आईलाही कळतं. काका म्हणाले, गाडी केलीस तर आबांना काय वाटेल? मी म्हणाले, "मग तुम्हीच विचारून या." नंतर जीभ चावली, पण शब्द मागे घेतला नाही.

तुमची वरातीची दिव्यांची बग्गी विकली. हो, तीच. तिच्या पैशांत नवी गाडी येणं शक्य नव्हतं, म्हणून जुन्या बघत फिरले. पहिली गोवंडीत पाहिली. बाहेरून एकदम झकास, ताजा रंग, दोन्ही अंगांना धावते घोडे काढलेले. आत जमिनीवर कोरी रबरी चटई, कडेनं चिकटवलेली. मी चटई उचलायला सांगितली. विकणारा म्हणाला, "आत्ताच बसवलीय मॅडम, खराब होईल ना." मी पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कोपरा स्वतःच उचकटला. घोड्याचं मूत लाकडाला आतून खातं, वरून काही कळत नाही. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. मला पुन्हा तो बंबातल्या धुराचा वास आला. त्याला विचारलं, पैसे रंगाचे सांगतोस की फळीचे? तो हसला. मी हसले नाही.

दुसरी मनोरीला मिळाली. मार्वेच्या धक्क्यावरून फेरीनं पलीकडे गेले. तिथला एक माणूस पाहुण्यांना फिरवायला घोडा ठेवायचा. घोडा गेला, गाडी उरली. दिसायला अगदी भिकारडी. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्लेला, रंग कुठला होता तेही सांगता येईना. मी गोणपाट अंथरलं आणि खाली झोपले. प्रत्येक फळी खालून टोचली, सगळ्या टणक. चासिसवर हातोडीनं ठोकत गेले, कुठे पोकळ वाजते का ते ऐकत. रॅम्पचे बिजागर पाहिले, त्यावर स्वतः चार उड्या मारल्या. घोडीनं मान वर केली तर टप लागेल का, ते टेपनं मोजलं. आरसी बुकात किती भार लिहिलाय आणि पासिंग कधीपर्यंत आहे, ते वाचलं. उतारावर नेऊन ब्रेक दाबून बघितले. टायरची नक्षी चांगली होती, पण कडांना भेगा पडलेल्या, म्हणून चार नव्या टायरांचे पैसे भावातून तोडून घेतले. रंगाला एक रुपया घातलेला नाही. मालक कंटाळून म्हणाला, "अहो बाई, लग्नाचं स्थळसुद्धा कोणी एवढं बघत नाही." मी म्हणाले, "स्थळ फसलं तर माहेरी येता येतं." भाईंदरच्या रस्त्यानं गाडी घरी आणताना मी एकटीच मोठमोठ्यानं तुमच्याशी भांडत होते, आणि जिंकत होते.

आणि मग माझी वाट लागली. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अंगणात रॅम्प टाकला, गुळाचा खडा दाखवला आणि पांढरी बिनबोभाट आत गेली. मी काकांकडे बघितलं, बघितलंत ना, अशा तोऱ्यात. आता उतरवायचं. एका घोडीच्या गाडीत वळायला जागा नसते आणि पुढे दार नसतं. आली तशी तिनं मागे मागे यायचं. काका रॅम्पपाशी उभे राहून म्हणाले, "हिला मागं सरायला कोणी शिकवलंय गं?"

सगळं तपासलं होतं मी, आबा. फळ्या, ब्रेक, टायर. घोडी तपासायची राहिली. एवढी उघडी गोष्ट कुणालाही सुचली असती, फक्त आपल्या तबेल्यात वाढलेल्या माणसाला सुचली नसती. ती पुढची भिंत ढकलत होती, कारण पुढे जाणं एवढंच तिला ठाऊक. पत्रा तापला होता. तिच्या मानेवर फेस आला, मग लाथा सुरू झाल्या आणि तिच्या प्रत्येक लाथेला माझ्या डोळ्यांपुढे पवईचा चढ. मी पुढच्या बाजूला तिच्या छातीशी अंग चोरून उभी होते. चल म्हणायला शब्द होता, थांब म्हणायला होता. मागे ये म्हणायला आपल्या घरात शब्दच नव्हता. तेव्हा मी ओरडले. आबा, म्हणून ओरडले, पोटातून. काकांनी मान दुसरीकडे फिरवली.

कोणी आलं नाही. मग मला तुमचा असा राग आला, जसा बंबापाशीही आला नव्हता. मी तिच्या छातीवर तळवा ठेवला, तिचा एक पुढचा पाय उचलला आणि सगळा भार टाकून रेटलं. मागं, म्हणाले. ती वीतभर सरली. गूळ दिला. पुन्हा तळवा, पुन्हा मागं. खाली काका तिच्या खुरापाशी बसून सांगत होते, आली, आता रॅम्पची कड आली, जरा डावीकडे. चहाची वेळ गेली. समोरच्या चाळीत दिवे लागले तेव्हा तिचं मागचं पाऊल हवेत चाचपडलं, रॅम्पवर टेकलं आणि स्थिरावलं. फळी जराही वाकली नाही. अंगणात आल्यावर तिनं अंग झटकलं आणि पाण्याच्या बादलीत तोंड घातलं. मी तिथेच रॅम्पवर बसून रडले.

तुमची शान खोटी होती, असं मी म्हणणार नाही. तिच्यावर मी जेवले आहे. पण जिला मागे येता येत नाही, ती घोडी एक दार असलेल्या जागेत मरते. महिनाभर रोज सकाळी शिकवलं तिला. आता नुसता तळवा दाखवला तरी सरते. बोरिवलीला पोचते ती कोरड्या अंगानं, न दमता. पुठ्ठ्यावरची रेघ भरून आली आहे, तिथे केस मात्र करडे उगवले. हे सगळं मी केलं, तुम्हाला न विचारता, आणि पुन्हा करीन.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. गाडीच्या कागदांच्या पिशवीत, आरसी बुकाच्या मागे राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. मी गाडी कधी मांडवापर्यंत नेत नाही. दोन गल्ल्या अलीकडे, आडोसा बघून थांबवते आणि तिथे तिला उतरवते. काकांना सांगते की बँडच्या आवाजानं रॅम्पवर बिचकेल. तसं काही नाही, ती बिचकत नाही. आबांची घोडी मागे पाऊल टाकते, हे चारचौघांनी बघू नये, म्हणून.