बारीक केलेली पिन

माझं जातं तुझ्या बापाने ट्रॅक्टरच्या नाकावर टांगलं आहे. फक्त वरची दगडी तळी. जन्मभर मी फिरवलं, आता मला न विचारता तेच शेत फिरायला जातं.

प्रिय टवळे,

हसू नकोस, आधी ऐक. मोठा ट्रॅक्टर मोडीत गेल्यावर बापाने हा बुटका आणला, ते तुला ठाऊक आहे. नांगर मात्र मोठ्याचाच ठेवला. त्याच्या पिना जाड, बुटक्याच्या मागच्या दांड्यांची भोकं लहान. शहाण्याने नांगर विकला असता. याने लेथवाल्याकडून पिनाच बारीक करून आणल्या, खालच्या दोन आणि मधली वरची. तिन्ही बसल्या तेव्हा लग्न जमल्यासारखा खूश. मी म्हटलं, अरे, बसलं म्हणजे पेललं का? बैलाचं जू शेळीच्या मानेवर ठेवलंस. तर म्हणतो, आई, तुला यंत्रातलं काय कळतं! नाही कळत. पण नांगर उचलला की पुढची चाकं हवेत जातात, एवढं मला मोतीबिंदूतूनही दिसतं. म्हणून पुढे वजनाला माझं जातं.

तेही पुरत नाही. चाकं भुईला टेकेनात तर स्टिअरिंग फिरवून काय उपयोग? परवा उतारावर, नाल्याकडे वळताना, अख्खं धूड मागे कललं. मी धुणं वाळत घालत होते, ओली चादर हातातच राहिली. कसंबसं खाली आलं. हा घरात येऊन पाणी प्यायला, तर निम्मा तांब्या छातीवर. म्हणाला, काही नाही झालं. मीही काही न झाल्यासारखं वाढलं. तुझी आई गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांना हेच वाढतो.

आता तो नांगर का विकत नाही, ते ऐक. नवऱ्याबरोबर निघताना तू दारात म्हणालीस, बाबा, नांगर सांभाळा, येते. अगं, येते म्हणजे जाते, हे कोणालाही कळतं. दार ओलांडताना जाते असं कोण म्हणतं? पण पाय पोचत नव्हते तेव्हापासून तू त्याच्या मांडीवर बसून तो मोठा ट्रॅक्टर हाकलास, त्याने येते हे येतेच धरलं. आणि मागे आलीस तेव्हा माझ्या कानात सांगितलंस, तिकडेच घर घेतलं, आता परत नाही, बाबांना तूच सांग. मी नाही सांगणार. मी त्याला जन्म दिला, बाकीचं तू बघ.

पाकिटात जड लागतं ती वरची पिन आहे. मी काढून घेतली. तो अंगण उकरून शोधतो आहे, आणि मी पण शोधू लागते. लेथवाला बहिणीच्या लग्नाला गावाला गेला आहे. तो परतला की दुसरी पिन होईल, आणि पुढे तोच उतार आहे.

तुझीच,
जात्यावाचून बसलेली आजी

उत्तर मला नको, बापाला दे. जावयाच्या हातून नको, तूच दे. आणि शेवटी येते लिहू नकोस.