तीनशे ऐंशी कोटी वर्षं, टाकी ते माळ

४ जानेवारी २०२६, रविवार
आजपासून रोज लिहायचं. मोठं काम हाती घेतलंय. 'जीवसृष्टी पदयात्रा'. चाकूरच्या पाण्याच्या टाकीपासून वरच्या माळापर्यंत तीन किलोमीटर आठशे मीटर. एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. टाकीपाशी पहिला जीव, आणि माणूस माळावर, अगदी शेवटच्या एका फुटात. सगळ्यांचा पूर्वज एक, हे चालता चालता पायांना कळलं पाहिजे.

कल्पना माझी. आनंदराजशी बोलताना निघाली होती, हे खरं. पण तो प्रयोगशाळेत परिचर, आणि मी त्याच शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निघाली म्हणजे माझ्यातूनच निघाली असणार. आता विचारायला तोही नाही. गेल्या ऑगस्टमध्ये वारला.

९ जानेवारी, सकाळी ६.४०
पहिली मोजणी. माझं पाऊल बरोबर सत्तर सेंटिमीटर. हातात चुन्याची पिशवी. अकराशे पावलांपर्यंत उत्तम. मग मागून चपलेचा आवाज. फट्, घस्. फट्, घस्. आनंदराजचा डावा पाय असाच ओढला जायचा. मागे पाहिलं. हरभऱ्याचं रान. कोणी नाही.

ध्वनीचं परावर्तन. उघड्या रानात ते कशावरून झालं, एवढं तपासायचं राहिलंय.

आकडा विसरलो. परत टाकीपासून.

१० जानेवारी
सिंधुला आवाजाचं सांगितलं. बायको म्हणून नाही, निरीक्षणाची नोंद म्हणून. तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं, आनंदराजला जाऊन पाच महिने झाले, त्याच्या महामायावहिनींना एकदा भेटून या. गुडघा दुखतोय म्हणालो. काल हाच गुडघा माळापर्यंत जाऊन आला, असं तिचं म्हणणं.

विषय पदयात्रेचा होता.

१७ जानेवारी, सकाळी ७
विचित्र प्रकार. बांधाच्या गवतात पांढरा रंगवलेला दगड. त्यावर आकडा ३२७०, आणि लाल रंगात मासा. माशाचा एक पर अर्धा तुटलेला. आमच्या प्रयोगशाळेतल्या बरणीतल्या माशाचा तुटलाय, तसाच.

थंडी वाजली. जानेवारी आहे.

पुढे आणखी दगड. नेचा. बेडूक. सरडा. शेवटचा माळावर, त्यावर नुसतं एक पाऊल. तिथं मी बसलो असताना माणिकप्पा बैल घेऊन आला. त्याचं शेत या वाटेलाच आहे. तो म्हणाला, आनंदराजनी रोवले सर, गेल्या उन्हाळ्यात, टेप घेऊन. लई दिवस एकलेच मोजून राहिले होते.

माणिकप्पाची नजर अधू आहे. मोतीबिंदू.

२५ जानेवारी
शाळेचा टेप आणून पडताळणी. दगड जागच्या जागी आहेत. माझ्या चुन्याच्या खुणा दोनशे साठ मीटरनं चुकल्या. माझ्या हिशेबानं माणूस माणिकप्पाच्या विहिरीत जन्माला येत होता.

निर्णय: दगड वापरायचे. त्यांवर कोणाचं नाव नाही, म्हणजे ते सार्वजनिक.

फ्लेक्सवर मात्र 'संकल्पना: शरणप्पा सर' एवढंच. लोकांचा गोंधळ नको.

आवाज आज दोनदा. दुसऱ्या वेळी पुढून आला. मी थांबलो की थांबायचा, त्यालाच माझी वाट बघायची असल्यासारखा. कानाच्या डॉक्टरला दाखवणे. औशाला चांगला आहे म्हणतात.

१ फेब्रुवारी
कपाटाच्या आरशासमोर भाषणाची तालीम. 'आपण सगळे एकाच घरातले' या वाक्याला आवाज बसतो. तीनदा बसला. हळद-दूध चालू.

कानाला दोष नाही. डॉक्टर तरुण आहे, अनुभव कमी.

आवाज बसायचं दुसरं काही कारण नाही. आनंदराज लातूरच्या दवाखान्यात नऊ दिवस होता. एकदा फोनवर म्हणाला, येऊन जा, बोलायचंय. रविवारी येतो म्हणालो. तो शनिवारी गेला. दिवस ठरलेला होता. यात माझं काय चुकलं? लातूर काही जवळ नाही.

तास-दीड तास लागतो.

७ फेब्रुवारी
पदयात्रा डार्विनच्या जयंतीच्या आठवड्यात, १५ तारखेला. ग्रुपवर दोनशे जणांना निरोप. एकवीस अंगठे आले. सिंधु म्हणाली, त्या दिवशी महाशिवरात्र आहे. मी लिंगायताच्या घरात जन्मून हे कसं विसरलो, असंही म्हणाली. विसरलो नाही. सुट्टीमुळे गर्दी होईल, हा विचार त्यामागे होता.

वाटेवर रोज जातोय. आता मागे बघत नाही. बघण्यासारखं काही नाही म्हणूनच.

१५ फेब्रुवारी, दुपार
अकरा माणसं. त्यातली दोन महादेवाच्या दर्शनाची दिंडी समजून आली होती. पहिल्या दीड-दोन किलोमीटरवर फक्त जिवाणू. मी हे पुरेसं रंगवून सांगितलं, तरी चौघं उसाच्या रसाचं निमित्त करून परत फिरले. उपवासाला रस चालतो म्हणे.

महामायावहिनी आल्या होत्या. बोलावलं नव्हतं. प्रत्येक दगडापाशी वाकून पदरानं धूळ पुसायच्या, आणि पुढं. माझ्या मागूनच चालत होत्या. तरी त्यांच्या पावलांच्याही मागे ते दुसरं पाऊल मला नीट ऐकू येत होतं.

माळावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कागद काढला. तेवढ्यात वहिनी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बोला सर. दवाखान्यात हेच सांगत होते सारखं. 'दगड मी लावलेत, बोलायचं शरणप्पानं. मला त्याच्यावानी बोलता येत न्हाई.' तेवढंच विचारायला बोलावलं होतं तुम्हाला."

माइक हातात होता. वारा फार होता. घसा बसलाय, असं सांगितलं. ते मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं. माणिकप्पानं शेंगदाणे आणि गूळ वाटला. लोक उतरले. वहिनीही उतरल्या.

मी बराच वेळ वर बसलो. ऊन लागलं असावं.

१६ फेब्रुवारी, सकाळी १०
वहिनींकडे जाऊन आलो. दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो, एक पदयात्रेचं, एक त्या रविवारचं.

पुढच्या खोलीत त्याचा फोटो. खाली लाल रंगाची डबी, ब्रश अजून तिच्यातच, वाळून कडक झालेला. वहिनींनी खुर्ची पुसून दिली. चहा ठेवला. पदयात्रा चांगली झाली म्हणाल्या.

अर्धा कप झाल्यावर पहिलं वाक्य बोललो. "वहिनी, ती कल्पना त्याची होती."

"हाव," त्या म्हणाल्या. "सगळ्या गावाला माहीत हाय."

मग बिस्किटं पुढं केली. एक घेतलं. उरलेला चहा संपवला. येतो म्हणालो.

दुसरं वाक्य राहिलं.