धोंडुबाईची ओळ

१३ ऑक्टोबर १९९१

घसा बसला. गाऊन नव्हे, ओरडून! सोमवारी गडब, बुधवारी रोहा, रविवारी सगळ्या बायकांची एकत्र तालीम रामवाडीच्या देवळात. शाळेत शिकवत होते तेव्हासुद्धा एवढी धावपळ नव्हती. शेजारच्या सीताबाई म्हणतात, निवृत्त झालात, आता घरी बसा. घरी बसून भिंतींना गाणं शिकवू का?

आज परत तोच धडा. शेजारणीने श्वास घेतला की आपण घ्यायचा नाही. पाळीपाळीने, चोरून घ्यायचा, म्हणजे गाणं तुटत नाही. मिठागरावरची शकू मात्र सासूने श्वास घेतला की हटकून घेते. सासू म्हणजे आमची धोंडुबाई. ती म्हणाली, "घरात माजा एक सबूद ऐकत नाय, आनी हितं श्वास पन माज्याच संगती!" हसण्यात दहा मिनिटं गेली. जाऊ देत.

२० ऑक्टोबर

प्रजासत्ताक दिनाला रोह्यात समूहगानाचा मेळावा आहे. धोंडुबाईचं हळदीचं गाणं घ्यायचं ठरवलं. तिच्या आईकडून आलेलं, खाडीकाठच्या लग्नांत म्हणतात ते. शेवटची ओळ ती एकटी उचलते — 'लेक निघाली पल्याड' — आणि मग पालुपदाला बाकीच्या मिळतात. आज तिने ओळ उचलली आणि हैबतराव पेटी वाजवायचेच विसरले. एरवी हा गडबचा शेतकरी गडी भाताच्या भावाशिवाय कशानेही हलत नाही.

असलं काही ऐकायला मिळावं म्हणून मी एस.टी.चे धक्के खाते. सुख आहे, दुसरं काय.

३ नोव्हेंबर

धोंडुबाई तालमीतून दोनदा उठून बाहेर गेली. "फराळाचं तळण बाधलं," म्हणाली.

१२ नोव्हेंबर

तळण नव्हे. शकू तिला पनवेलला घेऊन गेली होती. पोटात गाठ आहे, पसरली आहे. डॉक्टरांनी शकूला बाजूला घेऊन सांगितलं, शकूने मला. धोंडुबाईला कळू द्यायचं नाही असं आम्ही दोघींनी ठरवलं.

जानेवारी किती लांब आहे!

१७ नोव्हेंबर

आज शेवटची ओळ शकूला दिली. सगळ्यांसमोर. धोंडुबाईला मधून उठवलं, "जरा आराम कर" म्हणून कडेला बसवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि कडेला जाऊन बसली. इतकी वर्षं ती मधेच बसत आलेली! मला फार वाईट वाटलं. पण करू काय? तिच्यामागे गाणं उभं राहायला नको?

शकूचा आवाज त्या ओळीवर फाटला. दर वेळी सासूकडे बघायची आणि फाटायचा.

२४ नोव्हेंबर

धोंडुबाई आली नाही.

१ डिसेंबर

आजही नाही. रागावली असणार. बरोबरच आहे तिचं.

८ डिसेंबर

राहवेना. खाडीच्या बांधावरून चालत तिच्या घरी गेले. पडवीत खाटेवर होती. हाताची नुसती काडी झालेली. मीच विषय काढला — ओळ काढून घेतली म्हणून रुसलीस ना?

"राग कसला गो बाय? मना काय समजत नाय व्हय? तळण काय महिनाभर बाधतं?" म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. आम्हीच दोघी शहाण्या! म्हणाली, "मी समोर हाय तवर शकूचा गळा मोकळा व्हनार नाय. म्हनून येत नाय मी."

निघताना माझा हात धरला. "रोह्याला गानं तुटू देव नको." मी म्हटलं, नाही तुटणार. शब्द दिला. परत येताना बांधावर बसून रडले. माणसं नव्हती म्हणून बरं.

२६ डिसेंबर

पहाटे धोंडुबाई गेली.

१२ जानेवारी १९९२

शकूच निरोप घेऊन आली होती, "आयचं सुतक फिटलं, बाई. आमी गानार." आज तिने ओळ उचलली. मोकळी, भरलेली. मागून बाकीच्या अशा मिळाल्या की कोण कधी श्वास घेतंय ते मलाही कळेना. कुठे तुटलं नाही. मी उगाच पेटीच्या भात्यावरून हैबतरावांना रागावले, नाहीतर सगळ्यांसमोर रडले असते.

धोंडुबाई, ऐकायला हवी होतीस.

२६ जानेवारी

मातीत गेलं सगळं.

कडवी सुरेख झाली. शेवटची ओळ आली. मी शकूकडे हात केला. तिने मान खाली घातली. ओळ कोणीच उचलली नाही! हैबतरावांचेही हात मांडीवर. भरलेल्या सभागृहात मी एकटी वेड्यासारखी हाताने ठेका देतेय आणि पाठीमागे लोकांचं खोकणं ऐकतेय. ओळीचा वेळ सरला आणि सगळ्याजणींनी पुढचं पालुपद बरोब्बर एका वेळी उचललं. मग आधी काय दातखीळ बसली होती?

टेम्पोत बसल्यापासून गडब येईपर्यंत माझं तोंड थांबलं नाही. म्हणाले, मरणाऱ्या बाईला दिलेला शब्द तुम्ही मला मोडायला लावलात. तालमी बंद. शकू बाहेर बघत होती. हैबतराव डोळे पुसत होते. लाजेने असेल.

२ फेब्रुवारी

रविवार. गेले नाही.

९ फेब्रुवारी

दुपारी शकू आली. उंबऱ्याशीच बसली. आत ये म्हटलं तरी येईना.

म्हणाली, "आमच्यात गानारी गेली की मागनं पैल्यांदा ते गानं चारचौघांत म्हनताना तिची ओळ कोन म्हनत नाय, तालमीत चालतं. ती तिची असते. तुमाला आदी सांगितलं असतं तर तुमी हात खाली केला असता, म्हनून नाय सांगितलं."

मी म्हटलं, पण तुटलं ना गं गाणं.

"तुटलं कुठं, बाई? तुमचा हात चालू व्हता. आय गात व्हती."