पगारी बेसबॉल खेळलेले वॉकर आजोबा

नॉटिंगहॅम, नोव्हेंबर १९६४

ती. पप्पांना सिमाचा शालोम.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

माझी नर्सची ड्यूटी असते त्या वॉर्डातले ब्याण्णव वर्षांचे वॉकर आजोबा सोमवारी गेले. तरुणपणी, १८९०मध्ये, ते इकडे पगारावर बेसबॉल खेळायचे. लोकांना क्रिकेटच आवडायचं. एकाच उन्हाळ्यात तो पगारी खेळ बंद पडला, मग जन्मभर कोळशाच्या खाणीत राबले.

चेंडू झेलून वाकडी झालेली बोटं ते दाखवायचे. सिस्टर म्हणायच्या, "म्हातारा भ्रमलाय." मीही हसायचे.

काल त्यांच्या पिशवीत संघाचा फोटो सापडला. मधोमध तेच उभे होते. तो न्यायलाही कुणी आलं नाही.

पप्पा, मी कोण आहे हे इथे कुणालाच ठाऊक नाही. मला घरी यायचंय. हे आईला वाचून दाखवू नका.

तुमचीच,
सिमा